स्वस्तातली जुनी गाडी आणि घरी आल्यावर दिसणारे दोष

लाख-दीड लाखात घेतलेली दहा-बारा वर्षांची गाडी पहिले दोन-तीन दिवस बहुधा गुणी वागते. घेताना तुम्ही ती पाहिलेली असते संध्याकाळी, इंजिन आधीच गरम असताना, फार तर चौकापर्यंत चालवून. पेढे वाटून होतात, डॅशबोर्डवर गणपती बसतो, आणि मग एका सकाळी गाडी सुरू करताना मागून निळसर धूर दिसतो. किंवा खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट्’ असा आवाज येतो. किंवा खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. अशा वेळी काही जण ‘जुनी आहे, चालायचंच’ म्हणून गाडी तशीच दामटत राहतात. बाकीचे दिसेल त्या गॅरेजमध्ये ती लावतात आणि ‘काय असेल ते करून टाका’ असं सांगून येतात. दोन्हींत पैसा जातो. दुसऱ्यात तर दोष गाडीत आधीपासून होता हे दाखवणारा पुरावाही जातो.

म्हणून माझं सांगणं असं, की दुरुस्तीवर पहिला रुपया घालण्याआधी निदानावर घाला. गाडी घेतल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे हे गाडीची खरी अवस्था समजून घेण्याचे, आणि ती कागदावर आणण्याचे. या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. गाडी घेताना हातात जे पैसे होते ते सगळे गाडीतच घातले असतील, तर आधी थोडे साठू द्या आणि तोवर ती गावातल्या गावात, जपून वापरा.

सकाळचं थंड इंजिन

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी, सेल्फ मारण्याआधी उघडा. सपाट जागा हवी. डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, पुन्हा काढा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका; डिझेल इंजिनात तर नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं. पाहायचं ते दोन खुणांमधली पातळी. ती खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी ऑइल पिते आहे किंवा कुठून तरी गळते आहे. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा टाकून ठेवला असेल तर गळतीची जागा आणि रंग दोन्ही कळतात. काळपट थेंब इंजिन ऑइलचे, हिरवे किंवा गुलाबी कूलंटचे, आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल असेल तर ब्रेक ऑइलचा संशय घ्यायचा. शेवटचं दिसलं तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.

मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. तिथे पिवळट, फेसाळ लगदा असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला दमटपणामुळेही थोडा असा थर येतो, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. डिपस्टिकवरही तसाच फेस असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

आता घरातल्या कुणाला तरी मोबाइल घेऊन सायलेन्सरमागे उभं करा, व्हिडिओ चालू करायला सांगा आणि गाडी सुरू करा. गार सकाळी पातळ पांढरी वाफ येते आणि इंजिन तापलं की थांबते, ती साधी बाष्पाची. दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरून जळतं आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. सुरू करताना एक झोत येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. डिझेलच्या काळ्या धुरामागे एअर फिल्टर चोंदण्यापासून इंजेक्टर बिघडण्यापर्यंत बरीच कारणं असतात. त्यांतली स्वस्त कारणं आधी तपासायची. सुरू होताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर दाखवून घ्या.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. हलकी वाफ चालते. झाकण उडू पाहत असेल, आतून धुराचे ठोके येत असतील, तर सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली निसटतो आहे. अशा वेळी ‘इंजिन खोलावं लागेल’ या वाक्याला लगेच मान डोलावू नका. कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्रत्येक सिलिंडरमध्ये गेज लावून दाब मोजतात, इंजिन खोलावं लागत नाही. आकडे एकमेकांच्या जवळपास असले तर ठीक. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी खाली असेल तर बिघाड कुठे आहे ते नेमकं कळतं. या आकड्यांचा कागद किंवा गेजचा फोटो मागून घ्या.

गाडी गरम होते तेव्हा

स्वस्त गाड्यांमध्ये सर्वांत जास्त लपवला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा दोष हाच, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे चढ आहेत, मे महिना आहे, आणि कुठे वाहतूक अडकली की तासभर एसी लावून जागेवर उभं राहणं आहे. कूलिंगमध्ये किंचित खोट असली तरी अशा ठिकाणी ती उघडी पडते. विकणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणूनच टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर आणि छोटी असते.

एक प्रकार गॅरेजमध्ये वारंवार पाहायला मिळतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे दोन बोल्ट सुटतात, झाकण निघतं, आणि आत जिथे स्प्रिंग लावलेली पितळी चकती बसलेली असायला हवी तिथे नुसतं गोल भोक असतं. आधीच्या मालकाने किंवा त्याच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि छोट्या फेरीत काटा वर येतच नाही. पाहणाऱ्याला वाटतं, गाडी किती थंड चालते! खरं तर इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलंच नाही तर संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो आणि झीज वाढते. गाडी मुळात का तापत होती ते कारण तर तसंच राहिलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही काटा मध्यापर्यंत येत नसेल तर थर्मोस्टॅट काढलेला तरी आहे किंवा उघडा अडकलेला तरी. नवा थर्मोस्टॅट छोट्या गाडीत महाग नसतो. तो बसवा आणि मग गाडी तापते का ते पाहा. खरा दोष तेव्हा समोर येईल.

दुसरी तपासणी पाण्याची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची किंवा रिझर्व्हॉयरची टोपी उघडा. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं स्वच्छ कूलंट हवं. तांबूस, गंजाळ पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं बोअरिंगचं किंवा नळाचं पाणी टाकलेलं आहे. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि वॉटर पंपाची पाती गंजतात. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय आणखी बळावतो. गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नका. कुकरच्या शिट्टीने आतला दाब धरून ठेवावा तसा ही टोपी दाब धरते, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; टोपी सैल केली की तेच पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर, हातांवर येतं.

हेड गॅस्केट गेलं आहे की नाही हे हेड न खोलता कळू शकतं. थंड इंजिन सुरू करून रिझर्व्हॉयरमध्ये पाहा. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे अखंड येत असतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची नळी टोपीच्या जागी लावतात. जळालेला वायू आला की द्रव पिवळा पडतो. सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणं, हीसुद्धा खूण आहे.

चालताना काटा वर गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हीटरमुळे थोडी उष्णता आत ओढली जाते आणि गाडी बाजूला घेईपर्यंतचा वेळ मिळतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटा नसतोच, नुसता निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागला म्हणजे उशीर आधीच झालेला आहे. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत’ हा विचारही करू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला किंवा चिरायला तेवढं पुरतं. हेड वाकलं की लेथवर फेसिंग, नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, मजुरी असा खर्च थेट काही हजारांवर जातो. मूळ कारण मात्र बऱ्याचदा फॅनचा रिले, फाटका होज किंवा सैल झालेली रेडिएटर टोपी असतं. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव रेडिएटरमध्ये घालू नका. त्याने गळती चार दिवस थांबते आणि हीटरच्या बारीक नळ्या कायमच्या बुजतात.

आवाज, कंपनं आणि दिवे

खालून येणारे आवाज ऐकायला भयंकर आणि निस्तरायला बरेचदा स्वस्त असतात. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना ‘टक-टक-टक’ आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घुमघुम आणि वळणावर बदलणारा तिचा सूर, म्हणजे व्हील बेअरिंग. लहान खड्ड्यांत ‘खट्’ वाजलं तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी. यांतल्या बॉल जॉइंटला आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडला उशीर लावू नका. बाकीचे आवाज दोन आठवडे सहन केले तरी फारसं बिघडत नाही.

क्लच तपासायचा तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीने वेग घेतला नाही तर प्लेट घसरते आहे. क्लचचं काम निघालं की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला; गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.

डॅशबोर्डवरचे दिवे नीट पाहा. चावी ‘ऑन’ केली, इंजिन सुरू केलं नाही, तर चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग हे जे जे दिवे त्या गाडीत आहेत ते आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावरही लागतच नसेल तर तो काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनर लावून घ्या. मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा साधा स्कॅनरही चालतो. स्कॅनरवर ‘कोड नाही’ असं आलं तरी खूश होऊ नका. गाडीच्या आतल्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की अपूर्ण, हे त्याच स्कॅनरवर दिसतं. बऱ्याचशा चाचण्या अपूर्ण दिसल्या तर बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड नुकतेच पुसलेले असण्याची दाट शक्यता आहे. आठवडाभर चालवून पुन्हा स्कॅन करा. पुसलेला कोड परत येईल.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेले पण सात-आठ वर्षांचे, कडेला बारीक चिरा पडलेले टायर समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर नेऊ नका. सलग वेगात टायर तापतो आणि म्हातारं रबर तिथेच फुटतं.

पुरात बुडालेली गाडी

मुंबईचा २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९, चिपळूणचा जुलै २०२१. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला येतात. भाव पडलेला असतो आणि कारण सांगितलं जात नाही. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हे तपासा. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीच्या आतल्या भागावर मळाची आडवी रेघ किंवा वाळलेली माती असेल तर पाणी तिथवर आलं होतं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, कार्पेटखालचा फोम ओलसर किंवा कुबट आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, ते पाहा. बुडालेल्या गाडीत सर्वांत जास्त छळतं ते वायरिंग. कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि आज पॉवर विंडो, उद्या फ्यूल पंप, परवा एअरबॅगचा दिवा असे दोष येत राहतात. एक दुरुस्त केला की दुसरा. ही गाडी पुराची आहे असं निश्चित झालं तर दुरुस्तीच्या नादी न लागता थेट विकणाऱ्याकडे जा, असं मी स्पष्टच सांगेन.

पैसे कुठे आधी घालायचे

निदान झालं की यादी मोठी दिसते आणि मन खचतं. आधी जिवाशी संबंध आहे ते करा. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर, स्टिअरिंगचे जॉइंट, हेडलाइट, वायपर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात उतरताना तापून त्यात वाफ झाली तर पॅडल तळाला जातं. आधी केव्हा बदललं याची नोंद नसेल तर ते बदलाच.

नंतर, जे केलं नाही तर इंजिन जाईल ते. यात पहिला टायमिंग बेल्ट. जुनी मारुती ८००, जुनी सँट्रो, दीड लिटर डिझेलची डस्टर यांत रबरी बेल्ट आहे. मारुतीची के सिरीज इंजिनं आणि स्विफ्टमध्ये आलेलं १.३ लिटरचं फियाटचं डिझेल यांत साखळी. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात हेडचं काम निघतं. सर्व्हिस बुकात नोंद नसेल तर विकणाऱ्याच्या ‘बदललाय’ या शब्दावर विसंबू नका. बेल्ट, टेन्शनर आणि शक्य असेल तर त्याच खोलणीत वॉटर पंप बदलून घ्या. त्याच्याबरोबर ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलिंगची जी दुरुस्ती निघाली असेल ती.

एसी, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टीम, डेंटिंग-पेंटिंग हे सगळं शेवटी. मे महिन्यात एसी शेवटी ठेवणं जड जातं हे मला कळतं. पण ब्रेक कच्चे ठेवून एसीत पैसे घालणाऱ्यांशी या बाबतीत मी सहमत होऊ शकत नाही.

सुटे भाग घेताना पुण्यातली नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याकडची जुन्या मालाची दुकानं उपयोगी पडतात. दरवाजा, काच, हेडलाइट, आरसा, वापरलेला पण तपासलेला अल्टरनेटर, एवढं जुनं घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे भाग, टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट, एअरबॅग, टायर मात्र जुने घेऊ नका आणि नवे घेतानाही खोक्यावरचा शिक्का पाहून, पक्क्या बिलावरच घ्या. अल्टरनेटर बदलण्याआधी साधं मोजमाप करा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. गेलेल्या बॅटरीपायी चांगला अल्टरनेटर बदलणारे बरेच आहेत.

विकणाऱ्याशी बोलताना

मोठा दोष निघाला तर दुरुस्तीआधी विकणाऱ्याला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर चालेल, ईमेल त्याहून बरा. भाषा शांत ठेवा. गाडी कधी घेतली, मीटरवर किती किलोमीटर होते, काय दोष दिसला, कुठल्या गॅरेजने काय लिहून दिलं, आणि तुम्हाला काय हवं आहे, एवढंच. थंड सुरुवातीचा व्हिडिओ, स्कॅनचा फोटो, जॉब कार्ड सोबत जोडा. दुरुस्ती करावीच लागली तर काढलेला जुना भाग गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणून ठेवा. मीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्या गाडीच्या जुन्या सर्व्हिसच्या नोंदी आणि त्या वेळचे किलोमीटर मागा. विमा काढतानाच्या तपासणीतही कधी कधी आकडा सापडतो.

कायद्याचा आधार कोणाकडून घेतली त्यावर ठरतो. गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरकडून किंवा कंपनीकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही प्रकरणं तिथेच मिटतात. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. गाडी आधीच खोलून जोडलेली असेल तर तिथे तपासायला काय उरणार?

शेजाऱ्याकडून, ओळखीच्याकडून, म्हणजे साध्या माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगात जाता येत नाही. तिथे भारतीय करार कायदा १८७२ आहे. जाणूनबुजून खोटं सांगून फसवलं असेल, समजा अपघात झालेली गाडी ‘एकही ठोकर नाही’ म्हणून विकली असेल, तर करार रद्द करून पैसे मागता येतात. पण याच कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अट आहे. चुकीची माहिती दिली किंवा विकणारा नुसता गप्प राहिला, आणि साधारण काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर त्या कारणाने करार मोडता येत नाही. झिजलेला टायर किंवा वाजणारा शॉकअप यांसाठी भांडण्यात म्हणूनच वेळ घालवू नका. भांडायचं ते लपवलेल्या आणि दाखवता येणाऱ्या गोष्टीसाठी. न्यायालयापर्यंत न जाता अर्धा खर्च विकणाऱ्याने द्यावा असा तोडगा निघत असेल तर तो लेखी घेऊन मान्य करा.

या सगळ्या गडबडीत कागद मागे पडतात, आणि ते मोठं नुकसान आहे. ‘आधी दुरुस्ती होऊ दे, मग नावावर करू’ असं म्हणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरण नोंदवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स हा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरायला हवा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा की २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, ज्याच्या नावावर नोंदणी, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. घाई त्यालाही असायला हवी.

विमाही नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा नावावर झाल्याशिवाय अडतो. कायद्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागेल.

कुठे थांबायचं

निदान झाल्यावर आणि पहिला हातोडा पडण्याआधी एक आकडा कागदावर लिहा, की या गाडीत मी याच्या वर पैसे घालणार नाही. माझ्या मते, दुरुस्तीनंतर गाडी बाजारात जितक्याला जाईल त्याच्या अर्ध्याहून जास्त खर्च एकाच वेळी येत असेल तर थांबावं. ‘हाफ इंजिन’ म्हणून सुरू झालेलं काम गाडी खोलल्यावर ‘फुल इंजिन’ होतं, म्हणून इंजिन खोलण्याआधीच दोन्ही खर्च लेखी विचारा.

विकायची ठरवलीत तर जो दोष तुम्हाला कळला आहे तो घेणाऱ्याला सांगा आणि विक्रीच्या पावतीवर लिहा: ‘हेड गॅस्केटमध्ये गळती आहे, घेणाऱ्यास माहिती दिली.’ किंमत कमी येईल, पण तुम्ही ज्या अडचणीतून गेलात तीत दुसऱ्याला ढकलणं योग्य नाही, आणि पुढे भांडण झालं तर ती ओळ तुमच्याच कामी येते. विकत घेणारा मिळत नसेल आणि गाडी भंगारातच जाणार असेल, तर ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर तशीच राहते आणि चेसिस कुठे वापरली गेली ते तुम्हाला कळत नाही. परवानाधारक स्क्रॅपिंग केंद्रात दिलीत तर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं, पुढच्या नव्या गाडीच्या करात त्याची सवलत घेता येते. वाहन पोर्टलवर नोंदणी रद्द झाल्याचं दिसेपर्यंत केंद्राची पावती आणि चेसिस नंबरचा फोटो जपून ठेवा.